महाडला न्यायची बाटली

३ सप्टेंबर १९३३, उमरठ
महाडहून परत. चिंब भिजलो, बोटांत चिखल्या. पण गेलो ते बरं केलं.
दवाखान्यात नव्या नर्सबाई आल्यात, त्यांना सगळं सांगून टाकलं. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला बाळंत होताना सौ.ला झटके आले, दातखीळ बसली, मूल थोडा वेळ धुगधुगलं आणि गेलं. आता तिसरं, सातवा लागलाय. परक्या बाईपुढे हे बोलायची लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही.
न.बाई म्हणाल्या, झटके आभाळातून पडत नाहीत, आधी लघवीत खूण दिसते. पंधरवड्याने बाटली आणून द्या, मी नळीत उकळून बघते. पांढरं धरलं तर तिला उचलून इथे आणा, कुणाला विचारत बसू नका.
दोन मुलं गेली, आजवर एकानेही हे सांगितलं नाही. येताना रस्त्यात रडलो. पावसात कुणाला कळतंय.

५ सप्टेंबर
आईला सांगितलं. ठाम नाही म्हणाली. सौ.ची नखं, केससुद्धा ती उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, मागीलदारी पुरते. दोन मुलं गेली ती कुणीतरी केलं म्हणून, असं तिने मनाशी धरलंय. मग लघवी बाटलीत भरून नदीपल्याड परक्याच्या हाती द्यायची म्हणजे काय झालं. म्हणे, आपल्या हाताने वैऱ्याला द्यायची.
मी डोकं फिरवून घेतलं. बोलू नये ते बोललो. सौ. आतून ऐकत होती.

८ सप्टें.
आई दोन दिवस जेवली नाही नीट. आज आपणहून म्हणाली, दे ती बाटली, मी भरून ठेवीन. सौ.च्या हातून मी घ्यायची हे तिला पटत नाही, आमच्यात तशी रीतही नाही. बरं म्हटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

१७ सप्टें.
काल महाड. बाटली धोतराच्या पिशवीत, वर शाळेची पुस्तकं. पोलादपूरला मोटारीची वाट बघत असताना एका ओळखीच्या म्हाताऱ्याने पिशवी चाचपली. "मास्तर, आमालाबी येक घोट द्या की. येकटंच पिता व्हय?" चारचौघे हसले. मीही हसलो, काय करणार. आता मास्तर पितात म्हणून बोभाटा होईल, होऊ दे.
न.बाईंनी नळी दिव्यावर धरली. मी दाराशी उभा. पाणी निवळ. दोन थेंब कसले टाकून पुन्हा उकळलं, तरी निवळ. "छान आहे," म्हणाल्या.
पेढे घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत, आई म्हणेल मूल व्हायच्या आधीच पेढे वाटले.

२२ सप्टें.
सौ.चे पाय सुजलेत. जोडवी रुतायला लागली. साबण लावून काढली, तर आईने तोंड फिरवलं. सवाष्णीची जोडवी काढायची म्हणजे तिच्या मते अपशकुन. लगेच पायाला काळा दोरा बांधला, तोही संध्याकाळी सैल करावा लागला.
भागी सुईण येऊन बघून गेली. "अंगाव पानी चडलंय, पोरगा हाय. माज्या सुनंला असंच झालेलं." सौ. हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

१ ऑक्टोबर
काल महाड. पुन्हा निवळ. पायांची सूज सांगितली. न.बाईंनी विचार केला, म्हणाल्या, लघवी स्वच्छ आहे तर घाबरू नका, शेवटी शेवटी पाय सुजतात. नाहीतर मीठ बंद करायला सांगितलं असतं. तरी एकदा बघायला आणाल का? मी म्हटलं, नदी ओलांडायला आई देणार नाही, वाट ही अशी. गरज पडली तर आणीन.
घरी आल्यावर सौ.ने विचारलं, मग मी सुकटीची चटणी खाऊ का? डोहाळे फक्त त्याचेच. खा म्हटलं. पापड, लोणचं, सगळं खा.

९ ऑक्टो.
सौ.चं डोकं दुखतं. सकाळी तोंड सुजलेलं, डोळे बारीक. बांगड्या चढत नाहीत. मी म्हटलं, अगं बाटली तर स्वच्छ आहे. "मग माझंच काहीतरी असेल," म्हणाली. चिडून नव्हे, खरोखरच तसं वाटून. दळण बाजूला ठेवायला लावलं, आई दळते हल्ली.
आईही थकलेली दिसते. सारखं पाणी पिते. तांब्या भरून ठेवला की रिकामा.

१४ ऑक्टो., पोलादपूर
आज महाड. न.बाई दासगावला बाळंतपणाला गेलेल्या. डॉक्टर स्वतः बसले होते. माणूस तुसडा, पण काम चोख. म्हणाले, आलीच आहे बाटली तर सगळं तपासतो. आधी उकळून पाहिलं, निवळ. मग निळं औषध घालून उकळलं, ते विटेसारखं लाल झालं.
डॉक्टरांनी चष्मा काढला. "साखर आहे. पुष्कळ आहे. तहान लागते का फार? वजन उतरलंय?"
सौ. तर फुगलीय. डॉक्टर म्हणाले, तिला इथे आणायलाच हवं, तोवर भात, गूळ, साखर बंद. नवीनच संकट. एवढं सांभाळून नव्याच कुठल्या रोगाने गाठलं. पोलादपूरला मुक्काम, एका सोबत्याच्या ओसरीवर लिहितोय. झोप येणार नाही.

१५ ऑक्टो.
घडलं ते लिहून टाकतो.
दुपारी घरी पोचलो. ओटीवरच आईला सांगितलं, सौ.ला साखरेचा रोग आहे, भात बंद, डिंकाचे लाडू बंद. आई सूप घेऊन बसली होती. हात थांबला. विचारलं, "मरतात का रे त्याने?" म्हटलं, पोटात मूल असताना वाईटच. आणि डॉक्टर काही औषधं सुरू करतील, ती तिला मानवतात का तेही बघायचं.
ती उठली, आत गेली, परत आली. दाराची चौकट धरून उभी.
"तिला नको देऊस ती औषधं. ती साखर माझी."
मला समजेना. मग सांगितलं. पहिल्या बाटलीपासून तिने सौ.चं पाणी मोरीत ओतलं आणि बाटलीत स्वतःचं भरून दिलं. सौ.चं काही घराबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि मलाही दुखवायचं नाही, म्हणून. तिला वाटलं, बघून काय होतंय, पाणी ते पाणी.
आत गेलो, सौ.ला नवीन बाटली दिली, तिच्या हातून घेतली. पळीत ओतून चुलीवर धरली. दूध फाटावं तशी फाटली, पळी उपडी केली तरी गोळा चिकटून राहिला.
आईने ते बघितलं. भिंतीशी बसली. सौ.ला काही सांगितलं नव्हतं, पण तिला पळी दिसत होती.
महिना गेला. महिनाभर मी सांगत होतो, बाटली स्वच्छ आहे.

१५ ऑक्टो., संध्याकाळ
डोली हवी. वाडीतले जवान सगळे मुंबईला गिरणीत, राहिलेले भातकापणीला. दारोदार फिरलो. कुणी नाही म्हणत नाही, सगळे परवा म्हणतात, शेत पावसात सापडेल म्हणून. त्यांचंही खरं. भागी सुईण गाठली, तिला पळीतलं सांगितलं. ती तडक शेतात गेली आणि मुलगे आणि जावई तिघांना विळे टाकायला लावून घेऊन आली. चौथा मी.
सौ.ला डोळ्यांपुढे ठिपके दिसतात.

१६ ऑक्टो., महाड
पोचलो. कसे ते मला नीट सांगता येत नाही. खांद्याची साल गेलीय. नदीवर आईने डोली थांबवायला लावली. मला वाटलं, आता आडवी येते. ती पाण्यात उतरली, ओंजळ भरून सौ.च्या पायांवर घातली, म्हणाली, "आता हो पुढे." पदर तोंडाशी धरून मागून चालत राहिली. मी तिच्याशी बोललो नाही. पोलादपूरहून मोटार. धक्का बसला की सौ. माझा हात दाबायची, लोकांदेखत.
न.बाईंनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाटलीचं सांगितलं. त्यांना आईवर रागवता आलं असतं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी एकदा डोळ्यांनी बघायला हवं होतं." मग दार लावून घेतलं.
डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा जोर मोजला, पुन्हा मोजला. खोलीत अंधार करून ठेवलंय, आवाज नको, दूध आणि बार्लीचं पाणी एवढंच. आईलाही तपासलं, तिचा भात बंद. ती व्हरांड्याच्या टोकाला बसलीय.

१७ ऑक्टो., सकाळ
डॉक्टरांनी बाजूला घेतलं. दोन वाटा. एक, असंच निजवून ठेवायचं, मूल आणखी भरेल, पण झटके कधीही येतील आणि आले तर दोघंही जातील. दुसरी, आजच कळा आणायच्या. मूल अपुरं, जगेल का सांगता येत नाही. म्हणाले, ठरवा.
आठव्या महिन्याचं जगत नाही असं सगळेच म्हणतात. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्यात अर्थ नाही, पण खात्री मी कशाचीच देणार नाही.
मी कसा ठरवू. एकीकडे सौ., एकीकडे मूल. सौ.च हवी मला, हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. पण ते मूलही हलत असतं, मी हात ठेवून बघितलंय.
आईकडे गेलो. दोन दिवसांत प्रथम बोललो. काय करू विचारलं. ती म्हणाली, "मला नको विचारू. मी विचारायच्या लायकीची राहिले नाही. तिला विचार."
असल्या गोष्टी बायकोला कुणी विचारत नाही. डॉक्टरही म्हणाले, तिला कशाला घाबरवता. तरी गेलो. अंधाऱ्या खोलीत खाली बसलो, सगळं सांगितलं, बाटलीचंही. मला वाटलं बाटलीचं ऐकून रडेल. ती म्हणाली, "सासूबाईंना आत बोलवा जरा वेळाने, बाहेर गार असेल."
आणि पुढचं विचारलं तर लगेच बोलली, आधीच ठरवून ठेवल्यासारखी. "आजच करा. गेल्या खेपेला मी शुद्धीत नव्हते, उठले तर पुरूनही आले होते सगळे. मुलगा की मुलगी तेसुद्धा मला भागीने सांगितलं. या वेळी काही होवो, मला जागी राहायचंय. त्याचं तोंड मी बघणार."
मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, आजच.

१७ ऑक्टो., दुपार
कळा सुरू आहेत. आई आत आहे, सौ.ने बोलावलं म्हणून. मला व्हरांड्यात बसवलंय. दिवाळी तोंडावर, समोरच्या घरात कुणी करंज्या तळतंय, वास येतो. राग येतोय त्या वासाचा. त्यांचा काय दोष.
मूल किती मोठं असेल असं डॉक्टरांना विचारायला गेलो होतो, त्यांनी हाताने दाखवलं. एवढंच.
न.बाई कापूस, फडकी घेऊन आतबाहेर करतात, माझ्याकडे बघत नाहीत. मला वाटतं मुद्दामच बघत नाहीत. शाळेत निरोप धाडायला हवा. कुणाला धाडू.

१७ ऑक्टो., तिन्हीसांजा
अजून काही नाही. मघाशी आतून ओरडणं आलं, मी उठून उभा राहिलो, झटका आला म्हणून. आईचा आवाज आला, काय म्हणाली कळलं नाही, मग सौ.चा, स्पष्ट. बोलतेय म्हणजे...
दार किलकिलं झालं. न.बाईंचं तोंड घामेजलेलं. अजून वेळ आहे म्हणाल्या, मुलाचे ठोके लागताहेत पण बारीक, पुढचं आत्ता विचारू नका. जाता जाता पुन्हा वळल्या.
"शुद्धीवर आहे हं ती. तुम्ही जेवलात का, विचारतेय."
जेवलो म्हणून सांगा म्हटलं.