चहाचा दंड

नांदेड, सोमवार

माय,

मी बरी हाय. डबा चांगला मिळतो, खोलीवर पाणीबी येतं. फोनवर रडू फुटेल म्हणून लिहून राहिले. शेजारच्या माउलीकडून वाचून घे.

आमचे एस्पेरांतोवाले रामलिंग सर मागल्या महिन्यात झोपेतच गेले. जगातल्या कुणालाही कुणाशी बोलता यावं म्हणून बनवलेली ती भाषा. तू तिला "आमच्या राजीचं खूळ" म्हणतीस. वर्षाराणी, बजरंग अन् मी, दर रविवारी सरांच्या घरी जमायचो. तिथं जो चुकून मराठीत बोलेल, त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा, असा दंड होता. तो लई वेळा माझ्यावरच यायचा. माझा चहा पाणचट, तरी सर शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे.

काल सरांशिवाय पहिल्यांदा बसलो. त्यांची आठवण निघाली अन् तिघंही मराठीतच बोलत गेलो. ध्यानातच आलं न्हाई. सरांच्या बायको कावेरीबाईंना त्या भाषेतलं काही येत न्हाई. त्या दारात उभ्या राहून म्हणल्या, "सगळेच मराठीत बोलून राहिलेत. मग चहा कोण करणार?"

तिघंही एकदमच उठलो.

वर्षाराणी आता लग्न होऊन हैदराबादला चालली. पुढच्या रविवारचं विचारलं तर बजरंग नुसतं "बघू" म्हणला.

तुझे गुडघे कसे हायेत? गाय व्याली का?

माझी काळजी करू नको. मेडिकलवर दिवसभर मराठीतच बोलते. चहा कर म्हणणारं कुणी न्हाई.

तुझी राजकन्या