अंगणातल्या दोन गाड्यांबाबत

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास कार्बोरेटर आणून द्यावा, मिटल्या डोळ्यांनी तो खोलून दाखवीन.

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. स्वयंपाकघरातल्या वाकड्या फरशीवरून मुलीने भावाशी भांडू नये. ती मीच बसवली आहे.

२. पान्यांचा संच माझ्या जुन्या भागीदाराला, म्हणजे पेंटरला. दहा-अकराचा पाना त्याने आधीच ढापला आहे. तोही दिला असे समजावे.

३. माझी जुनी मोटार मुलाला. ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चोक ओढून, हँडल मारून सुरू व्हायची, आणि कुठे दुखते ते आवाजावरून सांगायची. मुलाने फोर-व्हील-ड्राइव्ह आणली तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "ही गाडी आहे की म्हैस? मी मेलो तरी हिच्यात बसणार नाही." बॉनेट उघडले तर आत नुसती प्लास्टिकची झाकणे. आमच्या हिला, म्हणजे मुलाच्या आईला, मात्र ती म्हैस आवडायची. सीट उंच, गुडघे दुखत नाहीत, म्हणायची. माझ्या गाडीतून उतरताना तिला हात द्यावा लागे, हे मी कधी मोजले नाही.

४. हे कलम सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे, कारण खोटे मी त्यांच्यासमोरच बोललो होतो.

माझी जुनी गाडी कोणी नेऊ नये म्हणून मी रोज तिचा रोटर काढून शर्टाच्या खिशात ठेवत असे. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. सहा वर्षांपूर्वी त्या दुपारी हिच्या छातीत कळ आली. शर्ट धुवायला पडला होता आणि खिसा रिकामा. मी वीस मिनिटे घर धुंडाळले. मुलाची गाडी फाटकाशी उभी होती. तो पहाटेच्या पाळीवरून येऊन वर झोपला होता. "गाडी काढ" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. शेवटी आदळआपट ऐकून तोच खाली आला, आईला उचलून घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं हो."

मी सगळ्यांना सांगितले, "हाका मारून घसा बसला माझा, हा उठलाच नाही." त्या दिवसापासून माझा मुलगा थंडीतही दार उघडे टाकून झोपतो.

मी एकही हाक मारली नव्हती. बाळा, तुझी काही चूक नव्हती. तुझ्या तोंडावर हे सांगायचे धाडस मला झाले नाही, याची मला लाज वाटते.

रोटर महिन्याने सापडला. हरवू नये म्हणून तिने तो बटणांच्या डब्यात जपून ठेवला होता. अजून तिथेच आहे. मी तो पुन्हा बसवला नाही. तू बसव, आणि मग गाडी विकलीस तरी माझी हरकत नाही.

५. मला शेवटचे नेताना गाडी भाड्याने आणू नये. चारचौघांत बोललेला तो शब्द मी मागे घेतो.

बाळा, गाडी काढ.

सही : (तुझा बाप)
साक्षीदार : १. पेंटर (पाना परत केला आहे) २. डॉक्टरीणबाई
स्थळ : अंगण, दोन्ही गाड्यांच्या मधे
तारीख : सतरा, महिना नववा