जोडीला ठेवलेली मालिका

६ जाने.
लायब्ररीत नवा फळा लागलाय, 'जोडी'. एक पुस्तक आणि त्याच्या सोबतीला बघायचा सिनेमा किंवा मालिका. या महिन्याचं पुस्तक माझं! बाबांवरचं, एवढंसं, स्वतःच छापलेलं. घरी येईपर्यंत नुसती हवेत. मग फळ्याचा काढलेला फोटो नीट बघितला. जोडीला ती मढला शूट केलेली कोळीवाड्याची मालिका. कपाळावर हात मारला.

८ जाने.
तीन भाग बघितले. डोकं फिरलं. ऐन आषाढात होड्या समुद्रात! नारळी पौर्णिमेआधी! बाई बोंबील वाळत घालतेय की कानातलं घालतेय, कळत नाही. आणि तिसऱ्या भागात बाप थोरल्या मुलीला चौथीतून काढून मासळीबाजारात बसवतो. झालं, आम्ही म्हणजे अडाणीच. आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात येऊन एकाला तरी विचारायचं होतं.

९ जाने.
ग्रंथपाल काळेबाईंशी वाजलं. "अहो, पुस्तकात नाही ते मालिकेत आहे, म्हणून तर जोडी," म्हणे. पुस्तकात नाही कारण ते घडलंच नाही! तिथेच बसून समितीला अर्ज खरडला. मालिका काढा, नाहीतर रविवारी लायब्ररीत माझ्या पुस्तकाचं वाचन ठेवलंय, त्याला मी येणार नाही. पुरावा म्हणून माझंच वाक्य दिलं, पान १४: 'बाबांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवलं.'

११ जाने.
बाजारात ताईकडे गेले, सगळं भडाभडा बोलले. ती पापलेट कापत होती.
"बघितली मी," म्हणाली. "सुनेच्या मोबाइलवर. तिसरा भाग दोनदा."
"अगं, पण किती खोटं!"
"होड्यांचं खोटं हाय. त्या पोरीचं नाय गो."
मग गिऱ्हाईक आलं.
निघताना म्हणाली, "सून बोलते, तुझं पुस्तक जोडीनं वाचायचं असतं. दे ना मना."
छापून वर्ष झालं. तिला प्रत दिलीच नव्हती. तिला कुठे वेळ, असं मीच ठरवलं होतं.

१२ जाने.
पुस्तक नेऊन दिलं.
आधी तिचाच राग आला. इतकी वर्षं गप्प, आणि आता? मग स्वतःचा. ताई बाजारात बसली तेव्हा मी पहिलीत. सकाळी दोघी बरोबरच घराबाहेर पडायचो, ती मासळीची पाटी घेऊन, मी दप्तर घेऊन. हे विसरले होते असं नाही. पान १४ वर 'दोघी' लिहिलं की वाक्य छान वाटत होतं, बस. आणि मी मराठीची शिक्षिका! ज्यांना होड्या कधी बाहेर काढतात तेही माहीत नाही, त्यांनी हे दाखवलं, आणि मी सख्खी बहीण असून…

१४ जाने.
काळेबाईंचा फोन. समितीने अर्ज मान्य केला. मालिका फळ्यावरून उतरवणार, फक्त उतरवायचीच ना, ते उद्या दुपारपर्यंत नक्की सांगा म्हणाल्या. कळवते म्हटलं.
संध्याकाळी ताईचा फोन. बोट ठेवून वाचतेय, एकेक ओळ. बाबा डोळ्यांसमोर आले म्हणाली, रडली थोडी. "मस्त लिवलंस गो." रविवारी येणार, पुढेच बसणार, लुगडं इस्त्रीला टाकलंय.
कितव्या पानावर आहेस, विचारलं.
"नवव्या."
काळेबाईंना अजून कळवलेलं नाही.