तलवारवाली सतरा वेळा मेली

सोमवार, ४ मार्च

परत मेली. चौथ्या फेरीत.

माळावर तीन राक्षस. इकडे दोन तिरंदाज आणि एक तलवारवाली. तलवारवाली पुढे धावली, तिघांच्या तावडीत सापडली, संपली. तिरंदाज साठ पावलांवर उभे राहून दर फेरीला एक बाण सोडत होते. त्यांना साधा ओरखडा नाही.

तलवारवाली म्हणजे आमच्या मांडणीताई. खेळाच्या नियमांच्या पुस्तकाची पानं त्या लावतात. चाचणीला माणसं कमी पडतात म्हणून खेळायलाही बसतात. फासे माझ्याकडे ढकलत म्हणाल्या, ''मला आता सुरुवातीपासून मेलेलीच धर. तेवढाच वेळ वाचेल.'' चित्रकार आणि त्याची बायको – आमचे दोन तिरंदाज – पोट धरून हसले. मला नाही आलं हसू.

पुस्तकातलं लढाईचं प्रकरण आमच्या जुन्या लेखकाचं, मास्तरांचं. सहा वर्षं लिहीत आहेत. त्यांना गाठून म्हटलं, जवळून लढणाऱ्यावर अन्याय होतोय, लांबून लढणाऱ्याची चैन आहे. म्हणाले, ''तलवारवालीला प्राण वीस दिलेत. तिरंदाजाला दहा. ते कशासाठी?'' मी म्हटलं, तिचे वीसच्या वीस जातात, यांच्या दहाला कोणी हात लावत नाही. तर चष्मा पुसत बसले. उत्तर नसलं की चष्मा!

मंगळवार, ५ मार्च

बाबांना अजून माझी नोकरी कळलेली नाही. आज परत समजावलं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक योद्धा व्हायचं, काय करतो ते सांगायचं, फासे टाकायचे. एक जण पंच – तो गोष्ट पुढे नेतो आणि राक्षस चालवतो. चाचणीत पंच मी. नियम कुठे बोचतात ते शोधायचं, लिहून ठेवायचं.

''आणि ह्याला पदवी लागते?''

आई आतून म्हणाली, ''लागते म्हणून तर तिला घेतलं. तुम्हाला घेतलं असतं का?''

बाबा तीस वर्षं लेथवर आहेत. हसले.

आईच्या मनगटावर वाफेचा नवा चट्टा. दवाखान्याच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात ती इस्त्रीच्या यंत्रावर उभी असते. मुकादम काचेच्या खोलीतून ''जरा हात उचला'' म्हणतो. त्याला कधी भाजत नाही. मी मलम लावलं. ती म्हणाली, ''तोंड पाडू नकोस, चादरीने चावलंय फक्त.''

जो जवळ जातो त्यालाच लागतं. बाहेरचं जग मला बदलता येत नाही, ठीक आहे. पण खेळाचे नियम तर माणसंच लिहितात ना? तिथेही हेच?

शुक्रवार, ८ मार्च

दोन लढाया. दोन्हीत मेली.

सोमवार, ११ मार्च

मास्तरांना लढायांच्या नोंदींचे कागद दाखवले. वरचे तीनच बघितले. म्हणाले, ''संख्या बरोबर असतील. पण लढाई म्हणजे फक्त संख्या नाही. अजून खेळा, घाई नको.''

घाई! पुस्तक एप्रिलमध्ये यायचंय. वर म्हणे, ''तुमचं वय तापायचंच आहे.'' तापायचं! मला त्या क्षणी टेबलावरचे सगळे फासे खिडकीबाहेर भिरकावावेसे वाटले. नम्रपणे ''बरं'' म्हटलं. त्या नम्रपणाचाच आता जास्त राग येतोय. घरी कोणी शिकलेलं नसलं की माणूस शिकलेल्यांपुढे ''बरं'' फार लवकर म्हणतो.

गुरुवार, १४ मार्च

बावीस लढाया पूर्ण. तलवारवाली सतरा वेळा मेली. दोन्ही तिरंदाज मिळून दोनदा.

तक्ता केला. स्वच्छ अक्षरात. मास्तरांना न सांगता थेट बाईंच्या खोलीत गेले. संस्था त्यांची, शेवटचा शब्द त्यांचा. सगळं बोलले. मास्तर ऐकत नाहीत हेही. त्यांचं प्रकरण असंच छापलं तर तलवार कोणी हातात घेणार नाही, हेही.

बाईंनी तक्ता दोनदा वाचला. ''सतरा?'' एवढंच.

मंगळवार, १९ मार्च

प्रकरण मास्तरांकडून काढलं. माझ्याकडे दिलं. नाव माझं जाणार.

मास्तर आता गोदामात. गठ्ठे मोजायला आणि पाठवायला. बाई म्हणाल्या, ''त्यांचा लिहिता हात जड झालाय. तसंही तिकडे माणूस हवंच होतं.'' मास्तरांनी आपली पेन्सिलींची डबी उचलली, जाताना माझ्या टेबलापाशी थांबले, म्हणाले, ''शेवटच्या तीन पानांतली उदाहरणं तपासा. तिथे माझी बेरीज चुकते.''

वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. सहा वर्षं एक माणूस चुकीचं लिहितो, कोणी विचारत नाही, आणि विचारलं की वय काढतो. बरं झालं.

आईला सांगितलं. तिने हात पुसून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

सोमवार, १ एप्रिल

प्रकरण संपलं. बाणाचा पल्ला साठवरून तीस पावलं. बाण सोडल्यावर दुसरा चढवायला एक फेरी. म्हणजे एक फेरी आड एक बाण. पानं आज छापखान्यात गेली.

दहा दिवस नियमांवरून वाद घालत ओरडून ओरडून घसा बसलाय. चित्रकार म्हणतो, ''राग पल्ल्याबाहेर गेला.''

मंगळवार, २ एप्रिल

हे कसं लिहू?

बाईंना विक्रेत्यांसमोर दोन लढाया खेळून दाखवायच्या आहेत – एक जुन्या नियमांनी, एक नव्या. फरक दिसायला. आज तालीम होती. माझा आवाजच फुटत नव्हता. मांडणीताई म्हणाल्या, ''मरून मरून कंटाळले मी. आज मी पंच, मी राक्षस. तू घे तलवार.''

आधी जुने नियम. मी माळाच्या मधोमध. तिरंदाजांनी पहिले बाण सोडले. ताईंनी तिन्ही राक्षस उचलले आणि माझ्या शेजारून सरळ पुढे नेले. तिरंदाजांवर. चौथ्या फेरीत दोघंही संपले. मला साधं खरचटलंही नाही.

मी हातवारे करून विचारलं, असं का?

''असं का म्हणजे? मला कोणी लांबून दगड मारला तर मी दगड मारणाऱ्याकडे जाईन की वाटेत उभ्या असलेल्या बाईकडे?''

''पण तू तर नेहमी ताईंनाच धरायचीस,'' चित्रकाराची बायको म्हणाली. सहज. तिला काही वाटलंही नाही.

अजून तीनदा खेळलो. एकदा मी मेले, दोनदा तिरंदाज. मग नवे, माझे नियम, तेही तीनदा. तिरंदाज दुसऱ्याच फेरीत आडवे. तिन्ही वेळा.

राक्षस कोणावर धावतील हे नियमात कुठेच नाही. ते पंचावर सोडलंय. बावीसच्या बावीस लढायांत मी राक्षस सर्वांत जवळच्यावर सोडले. मला दुसरं काही सुचलंच नाही! जवळचाच मार खातो, हे मी घरून घेऊन आले होते. आणि दहा प्राण, वीस प्राण – त्याचं उत्तर मास्तरांनी पहिल्याच दिवशी प्रश्न म्हणून माझ्यासमोर ठेवलं होतं. राक्षस पोचला की दहा प्राणांचा तिरंदाज लगेच पडतो, लांब उभं राहण्याची किंमत ती.

सतरा वेळा तिला मीच मारलं.

बुधवार, ३ एप्रिल

बाईंना सगळं सांगितलं. घोगऱ्या आवाजात.

''पानं अर्धी छापून झाली आहेत.''

थांबवा म्हटलं.

''तक्ता तूच आणलास. आता तूच म्हणतेस खोटा?'' खोटा नाही, अपुरा, म्हटलं. ''कोणाच्या लक्षात येणार नाही. पुढच्या आवृत्तीत बघू. आणि हे मास्तरांच्या कानावर घालायचं काही कारण नाही. उगाच जुनं उकरायचं.''

जुनं? दोन आठवडे झालेत! दार आपटून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा दार आपटलं. पण बाहेर आल्यावर कळेना, आता कोणावर रागवायचं ते. बाईंवर आहेच. पण त्यांच्या हातात कागद कोणी दिला?

मास्तरांना मी सांगणार. बाई काही म्हणोत.

शुक्रवार, ५ एप्रिल

गोदामाच्या दारापर्यंत गेले. ते दोरी तोंडात धरून गठ्ठा बांधत होते. परत आले.

सोमवारी नक्की.

सोमवार, ८ एप्रिल

आज ते लवकर गेले, म्हणे. मी विचारायला उशिरा गेले होते, हे खरं.

बुधवार, १० एप्रिल

पुस्तक आलं. मास्तरांनी पहिला गठ्ठा फोडला आणि पहिली प्रत स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली. प्रकरण उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं. म्हणाले, ''मी फार अडून बसलो होतो. आता तलवारवाली जगेल.''

मी ''हो'' म्हटलं.