लाल ठिपक्याचा भाव

बंगलोर,
१४ नोव्हेंबर

शालिकदादाले अनुपचा जय गुरु. रागिणीवहिनीले नमस्कार. मी बरा आहो. आई गेल्यापासून, वर्ष झालं, तू माहा फोन उचलत नाहीस. शेवटचं बोलला होता, "तुले काही वाटतच नाही." म्हणून हे पत्र. फाडायचं असंल तं वाचून फाडजो.

यंदा पातूरले झेंडू कसा झाला? दसऱ्याले अकोल्याच्या बाजारात माल नेला असशीलच.

इथं मी एका संस्थेच्या इमारतीले रंग मारून राहिलो. चौथं काम आहे हे. माहा पाय कुठं टिकते, तुले माहीत आहे. त्या इमारतीत माणसाचं डोकं आतून पाहायची मशीन आहे. तिथल्या माधवीमॅडम अमरावतीच्या. माहं बोलणं ऐकून म्हणाल्या, "काहून रे, वऱ्हाडातला का तू?" त्याइले अभ्यासासाठी माणसं पाहिजे होती. मी हो म्हटलं.

दादा, मी अन् पाऊण तास न हालता! तू हसशील. डोकं जरासं हाललं तं सगळं वाया जाते म्हणे. मशीन कानाशी ठकठक करते अन् डोळ्यावरच्या आरशात माह्याच मोबाईलमधले फोटो येतात, एकेक. फोटो पाहून बटण दाबायचं, जीव किती लागला ते. एक ते पाच.

मग मॅडमनं माह्यासकट तीस जणांचं मिळून निघालेलं चित्र दाखवलं. करडं डोकं, अन् आत एक लाल ठिपका, एक निळा. मी विचारलं, "म्हणजे इथं डोकं जास्त काम करते?"

"नाही ना बाप्पा! सगळे असंच समजतात. तू सांगत होता ना फूलबाजाराचं, फुलं विकणाऱ्या किसनराव अन् शकुनमावशीचं?"

"हो. किसनराव सकाळपासून बोंबलते. भाव चढो का पडो."

"मग तो या चित्रात नाही. आवाज मोठा आहे, पण भावाशी घेणंदेणं नाही. अन् शकुनमावशी?"

"मावशी भाव पडला की गप. चढत गेला की तिचा आवाजही चढत जाते."

"तो लाल ठिपका म्हणजे शकुनमावशी. तुम्ही सगळ्यांनी दाबलेला आकडा चढला की ही जागाही चढते."

"अन् हा निळा?"

"भाव चढला की ज्याचा आवाज बसते, तो."

"गिऱ्हाईक!" मॅडम किती हसल्या! मग म्हणाल्या, "पण शकुनमावशीमुळं भाव चढते, असं समजू नको. दोघं संगं चढतात, एवढंच दिसते."

दादा, मी आठवी नापास. पण मनातली माया कमीजास्त होते अन् तिच्या संगं तिथं आत, हाडामागं, कोणीतरी पायऱ्या चढते-उतरते, हे मले समजलं. त्या दिवशी भिंतीले रंग मारता मारता मी दहादा आपल्या डोक्याले हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमले म्हटलं, "माह्या एकट्याचं चित्र द्या. घरी पाठवतो. भाऊ म्हणते मले काही वाटत नाही."

त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या चित्रावरून तसं सांगता येत नाही, अनुप. अन् भाव तं तूच सांगितला होता, बटणानं. मशीन तुह्या आकड्याच्या मागं मागं पाहते. आकडाच खोटा असंल तं मशीन काय करणार?"

आकडा खोटा होता, दादा. आईचा फोटो आला, फुलांच्या ढिगापाशी बसलेली. मी एक दाबला. मुद्दाम. पाच दाबला असता तं रडू फुटलं असतं अन् डोकं हाललं असतं. मॅडमले सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. मले वगळून एकोणतीस जणांचं चित्र पुन्हा काढलं त्याइनं.

आता तुले सांगतो. आईच्या मातीले सुट्टी भेटली नाही म्हटलं होतं ना? सुट्टी भेटली होती. अकोल्यापर्यंत आलो होतो. पातूरच्या गाडीत बसलोही होतो. कंडक्टरनं घंटी मारायच्या आधी उतरलो. तुमच्या सर्वाइपुढं मी कोसळलो असतो, त्याचं भेव वाटलं. स्टँडवरूनच मागं फिरलो.

येत्या रविवारी येतो. तू दार उघडशील का नाही, मले माहीत नाही. नाही उघडलं तं ओट्यावर बसून रडीन. सारी गल्ली पाहील. पाहू दे.

आईचा, अन् तू म्हणशील तं तुहाही,
अनुप