बिनसहीची यादी

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त शालेय मानसशास्त्रज्ञ, कुणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबावाची मला सवय आहे, बळी पडण्याची नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरी मी स्वतःही एकदा तपासून घेतलं.

१. आरामखुर्ची थोरल्या भावाला. तीही त्याच्यासारखीच, बसेल त्याच्या कलाने झुकते. "एक सही केली असतीस तर काय बिघडलं असतं?" हे तो तीस वर्षं विचारतो आहे. उत्तर खाली आहे.

२. कपाटातला बंद लखोटा न उघडता जाळावा. शिक्षण समितीच्या अध्यक्षांना निवडणुकीआधी खालच्या वस्तीतली एकवीस मुलं शाळेतून हलवायची होती. वरच्या गल्लीतल्या मतदारांना ती नको होती. मी चाचणी घ्यायची, यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'मतिमंद' लिहायचं आणि सही ठोकायची, एवढंच काम. चाचणीत प्रश्न होता: नळ सोडला की काय होतं? मुलांनी लिहिलं, 'भांडण'. नियमाप्रमाणे शून्य गुण.

मी सही केली नाही. उलट त्याच मुलांकडून हंडे, रांग आणि टँकरवर दहा प्रश्न काढून घेतले आणि भर सभेत समितीला सोडवायला दिले. अध्यक्षांना घाम फुटला. लखोट्यात समितीच्या त्या उत्तरपत्रिका आहेत. गुण मी आजवर कुणाला सांगितले नाहीत. गोपनीयता म्हणजे गोपनीयता. यादी मागे घेतली गेली, एवढं सांगते. माझी बढती कायमची गेली, मुलं मात्र आपापल्या बाकांवर राहिली. याचा मला अभिमान आहे, आणि त्यात कुणाला वाटा मिळणार नाही.

३. हे दोन खोल्यांचं घर माझ्या भाचीला. तीही हेच काम करते. परवा रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, माझ्याकडेही तसलीच यादी आलीय. सोमवारी सही मागतायत. नाही म्हटलं तर नोकरी जाईल, मग भाडं कुठून भरू?"

बाळ, मी 'नाही' म्हणू शकले ती नुसती धाडसाच्या जोरावर नव्हे. डोक्यावर वडिलांनी ठेवलेलं हे छप्पर होतं. तेव्हा माझ्या मरणाची वाट बघत बसू नकोस. याची प्रत आजच तुला पाठवते आहे. मागची खोली रिकामी केली आहे, रविवारीच सामान घेऊन ये.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ११ ऑक्टोबर, शुक्रवार
सही: केली आहे.

साक्षीदार: समोरच्या शिंपीणबाई; शाळेचे निवृत्त शिपाई. दोघांनी अख्खं वाचलं, मगच सही केली.