आतली कडी

८ सप्टेंबर

मिस्त्री आजही आला नाही. तिसरा दिवस. फोन लावला की म्हणतो, "निघालोच वहिनी." पाथर्डीहून चालत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता.

भिंती खिडकीच्या वर आल्यात आणि तिथंच अडकल्यात. राजूचे पप्पा म्हणतात, "हुईल की, घाई कसली?" घाई कसली म्हणे! दिवाळी झाली की ट्रक दारात उभा राहील. चौदा वर्षं आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाला कुणी घेत नाही. आजवर राजू माझ्या आईकडं राहायची. आई चैत्रात गेली. राजू यंदा दहावीला. इथं पत्र्याच्या खोलीला दार नाही, दोरीनं बांधलेला पत्रा आहे. त्याच्या आड म्हातारी सासू आणि पंधरा वर्षांची पोर सहा महिने कशी ठेवू?

उन्हाळ्यात हे आपल्या तोंडानं म्हणाले होते, "घर झालं तर राहू दे तिला हितंच." म्हणून मला ट्रकच्या आधी दार पाहिजे, आतून कडी लागणारं. बाकी काही नसलं तरी चालेल.

११ सप्टेंबर

पाऊस. वाळू अर्धी ओढ्याला गेली.

१६ सप्टेंबर

राधाकृष्ण मिस्त्री उगवला एकदाचा. मी काही बोलले नाही, चहा दिला. बोलले असते तर परत गेला असता, हे मला माहीत आहे.

दुपारी हे मिस्त्रीला घेऊन रस्त्याच्या बाजूला उभे. पुढं पडवी काढायची म्हणे, दोन गोल खांबांची. मी म्हटलं, आधी स्लॅब, आधी दार. पडवीत काय मिरवायचंय? तर म्हणाले, "पुढनं घर दिसाया पायजे, सविता. माणसं पुढनंच बघत्यात." कोण माणसं? आमच्याकडं येतं कोण? सासूबाईंच्या माहेरचा गोरक्षमामा, तोही वर्षाकाठी एकदा.

खांब ठरलेच. माझं कोण ऐकतं.

२६ सप्टेंबर

स्लॅब पडला एकदाचा.

पहाटेपासून मशीनचा आवाज. नवरात्र म्हणून बुंदी आणि आमटी-भात केला, मिस्त्रीला मटण हवं होतं, तोंड वाकडं करून चार वेळा भात घेतला. ढग येऊन येऊन जात होते. मी सारखी वर बघत होते. सासूबाईंना धड दिसत नाही, त्या मलाच विचारत होत्या, "पडला का गं? पडला का?" संध्याकाळी शेवटची पाटी वर गेली तेव्हा त्यांना सांगितलं, पडला स्लॅब.

२९ सप्टेंबर

स्लॅबवर मातीची आळी करून पाणी धरलंय. सकाळी मी, संध्याकाळी राजू. मधे मी उगाच तीनदा चढून बघते. राजू म्हणते, आई, पाणी कुठं पळून जात नाही.

कसलं काय, बसवत नाही मला. बसले की दिवस मोजते.

१२ ऑक्टोबर

स्लॅबखालचं सेंट्रिंग काढलं. फळ्या बाहेर नेल्या आणि आम्ही दोघंच आत गेलो. ओल्या सिमेंटचा वास. बोललं की आवाज घुमत होता. हे जमिनीवर उताणे पडले, डोक्याखाली हात घेऊन. बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "माझ्या बापानं उभा जलम उसाच्या पाचटाच्या कोपीत काढला. आता आपल्याला कुनी कोपीवालं म्हननार न्हाई."

मीही बाजूला बसले. फार चांगलं वाटलं. चौदा वर्षांत असं दोघंच चार भिंतींच्या आत कधी बसलो होतो?

१४ ऑक्टोबर

आज माझंच हसं झालं. मिस्त्रीनं विचारलं, "वहिनी, ओटा किती वर घेऊ?" मी आपली खाली बसले आणि हात धरून दाखवला, एवढा. संध्याकाळी बघते तर ओटा माझ्या गुडघ्याला! फडावर पाचटाच्या कोपीत तीन दगडांपुढं बसून भाकरी थापल्या, उभ्यानं स्वयंपाक मी केलाय कधी? मिस्त्रीही असा की बाईनं दाखवलं तसं बांधून मोकळा. हे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तोडतो," म्हणाला मिस्त्री. म्हणजे आणखी दोन दिवस. मी म्हटलं, राहू दे, तू दार बसव.

राजूनं लगेच त्यावर दप्तर मांडलं. अभ्यासाला बेस्ट उंची आहे म्हणते.

१६ ऑक्टोबर

दार आलं. बाहेरून पितळी कडी-कोयंडा, भलंमोठं कुलूप, वर नक्षी. आतून काहीच नाही. यांना विचारलं तर म्हणे, "न्हाई राह्यलं ध्यानात." जे पाहिजे तेच बरं ध्यानात राहत नाही!

जीपनं पाथर्डीला गेले. दुकानदार नाजूक कड्या दाखवत होता. म्हटलं, जाड दाखवा. आणखी जाड. मिस्त्रीनं बसवली तेव्हा म्हणाला, "वहिनी, ही तर गोठ्याची हाय." असू दे. मी आत राहून लावली आणि त्याला बाहेरून ढकलायला सांगितलं. त्यानं खांदा लावला. हलली नाही.

१८ ऑक्टोबर

पुढच्या भिंतीला गुलाबी रंग लागला. मागं अजून गिलावा नाही. मागचं दार पुढच्या साली, म्हणून ती जागा विटांनी बुजवली. राजू म्हणाली, "आई, आपलं घर फक्त पुढूनच आहे."

मी हसले. मग दिवसभर तेच डोक्यात.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाला नव्या घरात दूध उतू घातलं. सासूबाईंनी भिंतीवर हात फिरवत सगळं घर चाचपलं.

संध्याकाळी भागवत मुकादम आला, आमची टोळी तोच नेतो. पडवीत बसला, खांब बघितले, चहा घेतला. राजूनं कप नेला तर तिला विचारलं, कितवीला गं तू? जाताना यांना म्हणाला, "मंग परवा आनू का?" हे म्हणाले, "आना."

ट्रक परवाच? माझं अजून काहीच बांधलेलं नाही. राजूला किराणा भरून द्यायचाय.

२२ ऑक्टोबर

ट्रक नाही. ट्रक सत्तावीसलाच आहे. उद्या पाहुणे येणार आहेत.

पीठ दळून आणते म्हटलं तर हे म्हणाले, पोह्यांचं बघ, मुकादमाचा भाचा येतोय राजूला बघायला. मी डबा खाली ठेवला. मी म्हटलं, ती पंधराची आहे, दहावीत आहे. "आत्ता नुसती बोलनी. लगीन उन्हाळ्यात." मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. तर म्हणाले, "सहा म्हैने पोरगी एकटी. काय झालं तर? मी काय दुश्मन हाय का तिचा? फडात मला झोप लागंल का? मुकादमाच्या घरात ठरली म्हटल्यावर कुनी वाकडं बघनार न्हाई."

यांना खरंच भीती वाटते. तोंडावर दिसत होती. मलाही वाटते, मला वाटत नाही का? म्हणून तर मी कडी आणली.

मी विचारलं, मग घर बांधलं कशाला?

म्हणाले, "घर बघूनच येत्यात ना लोकं."

दोन गोल खांब. गुलाबी भिंत. मी किती खुळी. मिस्त्रीच्या मागं लागून लागून मीच हे लवकर पुरं करून घेतलं.

राजूनं सगळं ऐकलं. एवढंच म्हणाली, "आई, मी पोहे घेऊन बाहेर जाणार नाही."

२३ ऑक्टोबर

सकाळी दहाला जीप आली. हे पडवीतून खाली उतरून त्यांना घ्यायला गेले. तेवढ्यात मी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

राजू त्या बुटक्या ओट्यावर वही ठेवून गणितं सोडवतेय. मी दाराला पाठ लावून बसलेय आणि हे लिहितेय. आधी यांनी हळू हाका मारल्या, मग मोठ्यानं. मग मुकादमानं खांदा लावला. पाठीला धक्का लागतो, पण कडी हलत नाही.

आत आमच्याजवळ बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "कोन आलंय गं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. घर चुकलेत."